तुळशीपत्र ठेवलेला खजिना

५ एप्रिल १७६७ रोजी मालेराव होळकर वारले, तेव्हा माळव्यातल्या या घराण्यात गादीवर बसायला कुणी पुरुष उरला नाही. मालेरावांच्या आई अहिल्याबाई यांचे पती खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. सासरे सुभेदार मल्हारराव मे १७६६ मध्ये आलमपूरला वारले. त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी एकुलता एक मुलगा गेला. बाईंचे वय तेव्हा एक्केचाळीस. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला की एखादे मूल दत्तक घ्यावे, बाईंनी नेमणूक स्वीकारून देवधर्म करावा आणि कारभार इतरांवर सोपवावा. पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांना हा बेत पसंत पडला आणि ते फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले.

बाईंनी दिवाणांना कळवले की एका वारसाची मी पत्नी आणि दुसऱ्याची आई. पुढचा माणूस निवडायचा हक्क माझा. तुकोजी होळकरांना त्यांनी सेनापती नेमले, शेजारच्या मराठा सरदारांना पत्रे धाडली, आणि पुण्याहून थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचीच बाजू उचलून धरली. रघुनाथरावांना माघार घ्यावी लागली.

या प्रसंगाची एक बाजू मात्र मला लढाईच्या तयारीपेक्षा मोलाची वाटते. होळकरांचा खजिना हाती आला तेव्हा बाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवले, पाणी सोडले आणि तो धर्मकार्याला अर्पण केला. पुढे रघुनाथरावांनी त्या पैशावर हक्क सांगितला, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की हे द्रव्य आता दानाचे आहे. तुम्ही ब्राह्मण आहात, संकल्प सोडून दान म्हणून घेणार असाल तर देते. रघुनाथरावांना अर्थातच ते मानवणारे नव्हते. माळव्यात ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे हसतात आणि बाईंच्या हजरजबाबीपणाला दाद देतात. दाद योग्यच आहे, पण तुळशीपत्राने रघुनाथरावांचा हात अडला तसाच बाईंचा स्वतःचाही अडला, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्या दिवसानंतर हौसेसाठी, दागिन्यांसाठी, माहेरच्यांसाठी त्या पैशाला हात लावण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद करून टाकली होती.

तत्त्वाने जगावे असे आपण सगळेच म्हणतो. प्रामाणिकपणा, न्याय, साधेपणा हे शब्द कुणालाच नकोसे नसतात. पण प्रसंग आला की बहुतेकांचे पाऊल घसरते, आणि त्याचे कारण आपण माणसाच्या स्वभावात शोधतो: तो कच्चा होता, त्याला मोह पडला. अहिल्याबाईंचा कारभार पाहताना मला निराळेच दिसते. तत्त्व टिकते ते मनाच्या बळावर कमी आणि आधीच करून ठेवलेल्या व्यवस्थेवर जास्त. पैसा कुठल्या खात्यात आहे, दिवसाचे कुठले तास कुणासाठी राखले आहेत, निर्णय कुणाच्या हाती आहे, यावर ते उभे असते.

होळकरशाहीत हिशेबाची दोन खाती होती, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. त्यातून फौज, किल्ले, कमाविसदार, कारकून यांचा खर्च चालायचा. खासगी म्हणजे राणीची स्वतःची जहागीर. तिची सुरुवात अहिल्याबाईंच्या आधीची. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे महेश्वर, इंदूर या भागांतली गावे लावून दिली. सुभेदार मोहिमेवर कामी आले तर घरच्या बाईला आधार असावा, हा हेतू. सासूची ही मिळकत पुढे सुनेकडे आली. अठराव्या शतकात एका शेतकरी-धनगर पार्श्वभूमीच्या सरदार घराण्यात बाईच्या नावाची एवढी स्वतंत्र मालमत्ता असावी आणि ती बाईकडून बाईकडे जावी, हेच मुळात विलक्षण आहे.

अहिल्याबाईंनी या दोन खात्यांमधली भिंत जपली. काशीचे विश्वनाथाचे देऊळ (१७८०), सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, शिवाय हरिद्वारपासून रामेश्वरापर्यंतचे घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे ही सगळी यादी आपल्याला शाळेपासून पाठ असते. त्यातली बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हतीच. काशीत होळकरांचा अंमल नव्हता, रामेश्वरात तर दूरान्वयानेही नव्हता. माळव्यातल्या कुणब्याने भरलेला सारा काशीच्या घाटावर खर्च करावा का, हा प्रश्न कुणालाही पडावा असा आहे. बाईंनी तो उद्भवूच दिला नाही. हा खर्च खासगीतून व्हायचा. श्रद्धा माझी, म्हणून पैसा माझा. राज्याची कागदपत्रेही त्यांच्या नावाने निघत नसत, त्यांवर श्रीशंकराची आज्ञा असे. राज्य शंकराचे आणि आपण त्याची राखण करणाऱ्या, अशी त्यांची धारणा. देवाच्या नावाने राज्य करणारे इतिहासात पुष्कळ झाले आणि त्यातल्या अनेकांनी त्या नावाखाली प्रजेला लुबाडले. इथे फरक पडला तो हिशेबाच्या वह्यांमुळे.

तत्त्व आधी केलेल्या व्यवस्थेवर टिकते, याच्याशी जुळणारे एक निरीक्षण मानसशास्त्रात आहे. पीटर गोलवित्झर या जर्मन संशोधकाने १९९०च्या दशकात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. नाताळच्या सुटीत, ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवसांच्या आत एक छोटा वृत्तान्त लिहून पाठवायचा होता. ‘लिहीन’ एवढेच ज्यांनी ठरवले, त्यांच्यापैकी एक तृतीयांशाच्या आसपास लोकांनी तो लिहिला. नेमका कुठे आणि केव्हा बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच नोंदवले, त्यांच्यात हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या वर गेले. इच्छा दोन्ही गटांची होती. एका गटाने तिला जागा आणि वेळ नेमून दिली, इतकाच फरक.

आपल्या घरातही हे ताडून बघता येते. गरजूंना मदत करावी असे वाटणारा माणूस महिनाअखेर उरेल त्यातून द्यायचे म्हणतो आणि महिनाअखेर काही उरत नाही. तोच माणूस पगाराच्या दिवशी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो, तेव्हा मदत होते. आपल्याच वर्गातल्या मुलांची खासगी शिकवणी घ्यायची नाही असा नियम शिक्षकाने नोकरीच्या पहिल्या वर्षी केला, तर दहाव्या वर्षी एखादा श्रीमंत पालक दारात उभा राहिल्यावर त्याला नव्याने विचार करावा लागत नाही. नियम आधी केलेला असतो, त्यामुळे समोरच्या माणसाचा अपमानही होत नाही.

पैशाइतकीच वेळेची गोष्ट. सर जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी १८१८ नंतर माळव्यात कारभार पाहत होता. बाईंना जाऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षे झाली होती, त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. त्याने त्यांच्याकडून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात ती दिली. त्यात बाईंच्या दिवसाचा क्रम आहे. पहाटेच्या आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग स्वतःचे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत त्या संध्याकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा आणि फराळ झाला की रात्री नऊ ते अकरा कामकाज. दरबार खुला असे आणि फिर्यादी स्वतः त्यांच्यासमोर येऊन बोलू शके. चार तास रोज ऐकण्याचे, आणि ते अठ्ठावीस वर्षे.

वेळेचे महत्त्व इतके का, हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे झालेल्या एका प्रयोगावरून कळते. डार्ली आणि बॅटसन यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दारात कोसळलेला होता. तो अर्थात प्रयोगाचाच भाग होता. काही विद्यार्थ्यांचा भाषणाचा विषयच बायबलमधली त्या परोपकारी वाटसरूची कथा हा होता. मदत कुणी केली हे त्या विषयावर फारसे अवलंबून नव्हते. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असे सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. त्यातले काही जण परोपकाराचे प्रवचन करायला जाताना त्या माणसाला वळसा घालून गेले.

ती मुले ढोंगी होती असे मला वाटत नाही. घाईने त्यांची नजर आखडली. म्हणून दयाळू व्हायचे असेल तर दिवसात मोकळी जागा ठेवावी लागते. अहिल्याबाईंच्या दुपारच्या दोन ते सहाला राज्यकारभाराचे वेळापत्रक म्हणून पाहिले तर ते सामान्य वाटेल. मला त्यात त्यांच्या न्यायबुद्धीचे मूळ दिसते.

इंदूरकरांनी तर या न्यायबुद्धीचा अनुभव प्रत्यक्ष घेतला. इंदूर तेव्हा राजधानी नव्हते. बाई नर्मदेकाठी महेश्वरला राहत आणि राजधानी इंदूरला आली ती १८१८ च्या मंदसौर तहानंतर. पण एका साध्या गावाचे व्यापारी शहर झाले ते बाईंच्या काळात, आणि त्यामागे एक खात्री होती. माल्कमने त्या खात्रीचा प्रसंगच नोंदवून ठेवला आहे. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी शहराजवळ पडली होती, आणि काही मतलबी लोकांच्या सांगण्यावरून तुकोजींना त्या संपत्तीत वाटा हवासा वाटला. निपुत्रिकाचे धन सरकारात ओढून घेण्याची रीत त्या काळी सर्रास होती, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटले नसते. सावकाराची विधवा महेश्वरला धावली. बाईंनी तिचे ऐकून घेतले, वस्त्रे देऊन नवऱ्याच्या घराची आणि मालमत्तेची मालकीण म्हणून तिला मान्यता दिली आणि तुकोजींना कळवले की तळ इंदूरपासून थोडा दूर हलवावा, माझ्या शहराला अन्यायाचा उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तळ हलवला.

लक्षात घ्या, तुकोजी त्यांचेच सेनापती होते, वयाने जवळचे, फौज त्यांच्या हाती. रघुनाथरावांविरुद्ध याच माणसाच्या भरवशावर त्या उभ्या राहिल्या होत्या. परक्याला नकार देणे सोपे असते. ज्याच्यावाचून आपले अडते त्याला तोच नियम लावणे फार अवघड. तत्त्वाची खरी कसोटी इथे लागते असे मी मानतो, आणि या एका प्रसंगासाठी इंदूरच्या सराफ्याने बाईंचे ऋण मानावे. सावकाराच्या पश्चात घर लुटले जाणार नाही एवढी शाश्वती जिथे मिळते, तिथे पेढ्या येतात, मग कापड येते, कारागीर येतात.

खरगोणच्या एका सधन सावकारी घरातल्या विधवांचीही गोष्ट सांगितली जाते. त्या आपले धन बाईंना अर्पण करायला आल्या होत्या. बाईंनी ते घेतले नाही, लोकांच्या उपयोगाच्या कामात घालावे असा सल्ला दिला. त्यातून नदीवर घाट झाला. स्वेच्छेने दिलेला पैसाही नाकारण्यामागे व्यवहाराची समज होती. एकदा सरकारने असा पैसा घेतला की पुढच्या विधवेची ‘स्वेच्छा’ कारभारी ठरवू लागतात.

स्तुतीबद्दलही त्यांचा असाच नियम होता. एका ब्राह्मणाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असे म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. कर्त्याकडे नंतर लक्षही दिले नाही. ते वाचताना त्या कवीची मला थोडी कणव येते. पण बक्षीस मिळते हे कळले असते तर महेश्वरला अशा ग्रंथांची रांग लागली असती आणि दुपारचे ते चार तास त्यातच गेले असते.

या सगळ्याची किंमत होती, आणि ती मोजावी लागली. तुकोजी दक्षिणेत आणि उत्तरेत मोहिमांवर असायचे. फौजेचे पगार थकायचे, आणि महेश्वरला पैशासाठी पत्रांवर पत्रे यायची. खासगीत पैसा आहे आणि आम्ही इथे उपाशी, ही तक्रार पुण्यापर्यंत पोहोचली होती. महेश्वर दरबारातून पुण्याला गेलेली बातमीपत्रे पुढे छापली गेली, त्यांत या ओढाताणीच्या खुणा दिसतात. एका राज्यात दोन माणसांच्या हाती दोन सत्ता असल्या की घर्षण होणारच. त्या काळच्या मराठा राजकारणाच्या नजरेने पाहिले तर बाईंचा हा ताठरपणा दौलतीला महाग पडला, असे म्हणणारे इतिहासकारही आहेत, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. माल्कमनेही हा प्रश्न उपस्थित केला होता. त्याला एका जाणत्याने उत्तर दिले की याच्या दुप्पट पैसा फौजेवर उधळला असता तरी माळव्याला एवढी शांतता लाभली नसती. मला हे उत्तर पटते. विंध्य-सातपुड्यातल्या भिल्लांशी त्यांनी केलेला करार पाहा. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी ‘भिलकवडी’ घेण्याचा त्यांचा परंपरागत हक्क मान्य केला आणि बदल्यात वाट सुरक्षित ठेवण्याची, चोरीचा माल परत मिळवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. तेच काम फौजेने करायचे तर खर्च किती झाला असता?

मूल्यांनुसार जगणाऱ्यांबद्दल लिहिताना एक अवघड जागा टाळण्याचा मोह होतो. ती म्हणजे १७९१. खंडेराव गेले तेव्हा मल्हाररावांच्या विनवणीवरून अहिल्याबाई सती गेल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच पुढचे सगळे घडले. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. तिचा मुलगा आधीच गेला होता. आईने परोपरीने समजावले. लेक म्हणाली, तुझे वय झाले आहे, तू गेल्यावर माझे कोण आहे? राणी असलेल्या आईच्या हाती हुकूम होता. तो तिने काढला नाही. त्या चितेपर्यंत चालत गेल्या, दोन ब्राह्मणांनी त्यांना दंडाला धरून उभे ठेवले होते. वेदनेने त्यांनी स्वतःच्या हातांना चावे घेतले, असे माल्कमला सांगण्यात आले. तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मग त्यांनी लेक-जावयाच्या स्मरणार्थ छत्री बांधवली.

इथे त्यांची धर्मावरची निष्ठा आणि जीव वाचवण्याची तळमळ समोरासमोर आल्या आणि पहिलीचा जय झाला. आज ते मला चुकीचे वाटते, आणि तसे म्हणायला मला संकोच नाही. पण मूल्यांविषयी यातून जे शिकता येते ते काशीच्या घाटावरून शिकता येत नाही. माणसाजवळ एकच मूल्य नसते. ती अनेक असतात, शांत दिवसांत एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदतात आणि संकटात एकमेकांच्या आड येतात. त्यातले श्रेष्ठ कोणते हे आधी ठरवून ठेवलेले नसेल, तर त्या क्षणी रूढीच आपल्या वतीने ठरवून टाकते. पैशाच्या बाबतीत बाईंनी तो क्रम लावून ठेवला होता. सतीच्या बाबतीत, स्वतः त्यातून वाचूनही, लावला नव्हता. सतीबंदीचा कायदा यायला १८२९ उजाडावे लागले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई महेश्वरला निवर्तल्या. आज इंदूरच्या राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे, विद्यापीठाला आणि विमानतळाला त्यांचे नाव आहे, पुण्यतिथीला पालखी निघते. २०२५ हे त्यांच्या जन्माचे तीनशेवे वर्ष होते, आणि इंदूरच्या मराठी घरांत तर त्यांचे नाव आजही मातोश्री म्हणूनच घेतले जाते.

खासगीचे पुढे काय झाले, हे मात्र या उत्सवांत फारसे सांगितले जात नाही. संस्थान विलीन झाल्यावर त्या देवळांचे, घाटांचे, धर्मशाळांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि १९६२ मध्ये त्यांच्यासाठी ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट’ इंदुरात स्थापन झाला. देशभर पसरलेल्या त्या मालमत्तांपैकी काहींच्या विक्रीवरून वाद झाला. तो आधी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. मालमत्ता राज्य सरकारची आहे, असा निवाडा खंडपीठाने २०२० मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी तो बदलला, पण त्याचबरोबर हा सार्वजनिक न्यास असल्याचे सांगितले. मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याने नोंदणी करावी, आणि मालमत्ता विकायची असेल तर निबंधकांची परवानगी आधी घ्यावी, असेही बजावले. आधी झालेल्या व्यवहारांची चौकशी करण्याचे कामही न्यायालयाने निबंधकांकडेच दिले.